गाडी न्या, पण मुदत सांगून न्या

रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याची गाडी पोलिसांनी जप्त करावी का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. आमच्याच घरची गाडी जप्त झाली होती, तरी हो म्हणते. पण जप्त झालेली गाडी परत मिळेपर्यंत काय काय होतं ते मी जवळून पाहिलंय, आणि तेव्हापासून माझ्या या 'हो'ला एक अट लागली आहे. ज्यांच्या घरात विशीतली मुलं आहेत आणि दारात गाडी आहे, त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात लाल तिखट. सातपूर, सिडको, इंदिरानगरच्या दुकानांत माल पोचवायला कर्ज काढून एक हॅचबॅक घेतली. आरसी माझ्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून. मुलगा ओंकार २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगला आहे. लायसन्स आहे, गाडी नीट चालवतो. एका शनिवारी रात्री मित्राच्या वाढदिवसाला म्हणून गाडी घेऊन गेला आणि रविवारी उजाडायच्या आत पोलीस ठाण्यातून ह्यांच्या मोबाईलवर फोन आला.

सोमेश्वर सोडलं की गिरणाऱ्याकडे जाणारा रस्ता रात्री मोकळा असतो. तिथे दोन चारचाकी आणि एक मोटरसायकल यांची शर्यत लागली होती. पुढे नाकाबंदी होती, तिघंही सापडले. ठाण्यात गेलो तेव्हा ओंकार बाकावर मान खाली घालून बसला होता, आणि आमची गाडी आवारात आडवीतिडवी उभी होती. ठाणे अंमलदारांनी पहिलं विचारलं, "ताई, गाडी कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, माझ्या. "मग तुम्ही बसा. यांना काय, नोटीस देऊन सोडू. गाडी राहणार इथेच."

तपासी अंमलदारांनी मला समोर बसवून मोबाईलवरची एक क्लिप दाखवली. मुलांपैकीच एकाने मागच्या सीटवरून रीलसाठी काढलेली. दोन गाड्या रस्त्याची सगळी रुंदी अडवून शेजारी शेजारी पळताहेत, काटा शंभरच्या पुढे, आत आरडाओरडा. मग समोरून एक दिवा येतो. एकच, लहान, पिवळट. आधी सरळ येतो, मग डगमगतो, आणि एकदम रस्त्याच्या कडेला खाली जातो. गाडीच्या झोतात क्षणभर दुधाच्या कॅन दिसतात, मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवलेल्या. नंतर काहीच दिसत नाही. क्लिप पुढे चालूच राहते, ओरडणंही.

"त्याला शोधला आम्ही," साहेब म्हणाले. "साइडपट्टीवरून खाली गेला, दूध सांडलं, गुडघा सोलवटला. बाकी वाचला. तक्रार द्यायला तयार नाही. म्हणतो, मला रोज याच रस्त्याने यायचंय."

गिरणाऱ्याच्या बाजूने पहाटे दूध येतं, भाजी येते, हंगामात टोमॅटोचे पिकअप येतात. आमच्या सोसायटीचं दूध त्याच रस्त्याने येतं. 'पोरांचं वय आहे, होतं असं' हे वाक्य त्या आठवड्यात नातेवाईकांनी मला इतक्यांदा ऐकवलं की ते ऐकवेनासं झालं. त्या माणसाचंही काही वय असेल, घर असेल. मला त्याला भेटायचं होतं, ओंकारलाही भेटायचं होतं. पण आमच्या वकील मॅडमनी स्पष्ट सांगितलं, तो उद्या साक्षीदार होऊ शकतो, खटला चालू असताना मुलाने त्याच्या दारात जायचं नाही. ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच ते अजून राहून गेलंय.

गुन्हा लागला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवणं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ आणि १८९ खाली. १८९ हे खास शर्यतीचं कलम. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावली, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १० हजार. २०१९च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड होता ५०० रुपये.

घरी आल्यावर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, ५ हजारच ना? टाकू भरून." त्यांचा हेतू चांगला होता, पण नेमकं हेच मला खटकलं. ५ हजार मुलं वर्गणी काढून सकाळच्या चहाच्या आत जमवतील, आणि पुढच्या शनिवारी परत तिथेच जातील. गाडी गेली तेव्हा मात्र ओंकारचा चेहरा उतरला. आईचा माल कसा जाणार, हप्ता कसा जाणार, शेजारी काय म्हणतील, हे सगळं त्याला त्या रिकाम्या पार्किंगमुळे कळलं. म्हणून मी म्हणते, जप्ती हवी.

आता कायद्यात काय आहे ते बघा. १८९ कलमात गाडी जप्त करायचा उल्लेखच नाही. मोटार वाहन कायद्यात गाडी अडकवून ठेवायचं कलम आहे २०७, पण ते विनापरवाना चालवणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं, वय न बसणं अशा गोष्टींसाठी. शर्यत त्यात नाही. शर्यतीसाठी त्या कायद्यात सोय आहे ती लायसन्सची: कलम २०६ प्रमाणे पोलीस लायसन्स काढून घेतात आणि निलंबनासाठी आरटीओकडे पाठवतात. मग आमची गाडी कशात गेली? पुरावा म्हणून. गुन्ह्यात वापरलेली वस्तू पोलीस ताब्यात घेतात, तसा तिचा मुद्देमाल झाला. चाकू जसा मुद्देमाल, तशी गाडी. म्हणजे बाहेर सगळे ज्याला शिक्षा म्हणतात, ती कायद्याच्या लेखी शिक्षा नाहीच. आणि शिक्षा नाही म्हणून तिला मुदतही नाही. ५ दिवस की ५ महिने, कुठेच लिहिलेलं नाही. ते ठरतं कागदांवर, वकिलावर, आणि तुमच्या खिशात किती आहे त्यावर.

पंचनाम्याची प्रत मिळाली ती मी घरी नीट वाचली. रंग, चेसिस नंबर, इंजिन नंबर, चारही टायर सुस्थितीत, एक स्टेपनी, आणि डिकीमध्ये 'काळ्या मसाल्याची प्लास्टिकची पाकिटे, सीलबंद'. सोमवारी सातपूरला द्यायचा माल होता तो. नवीन फौजदारी संहितेत जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, ते झालं होतं. वाचकांना सांगते, पंचनाम्यात गाडीतली प्रत्येक वस्तू आलीय का ते त्याच दिवशी बघा. नंतर 'टेप होता', 'जॅक होता' म्हणून काही उपयोग नाही.

गाडी सोडवायचा रस्ता कोर्टातून जातो. पोलीस स्वतःच्या अधिकारात देत नाहीत. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५१ आणि ४५७ होतं, १ जुलै २०२४ पासून त्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७ आणि ५०३ आलं. त्याखाली मॅजिस्ट्रेट कोर्टात मालकाने अर्ज करायचा, की खटल्याचा निकाल लागेपर्यंत गाडी माझ्या ताब्यात द्या. यालाच सगळे सुपूर्तनाम्यावर सोडवणं म्हणतात. सोबत आरसी, विमा, पीयूसी, आधार, आणि आमच्यासारखं कर्ज असेल तर कर्जाचं स्टेटमेंट, कारण आरसीवर बँकेचा बोजा चढलेला असतो. विम्याची पॉलिसी काढली तेव्हा मी पहिल्यांदा ती पूर्ण वाचली. आयोजित शर्यतीसाठी, वेगचाचणीसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही, असं त्यात छापलेलं असतं. तो दूधवाला गाडीखाली आला असता तर विमा कंपनीने काय म्हटलं असतं, या विचाराने मी त्या रात्री झोपू शकले नाही. पोरांना गाडी देणाऱ्या प्रत्येक आईबापाने ते पान एकदा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावं.

अर्ज दाखल झाला की कोर्ट सरकारी वकिलांचा आणि तपासी अंमलदारांचा 'से' मागवतं, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं. इथेच दिवस जातात. अंमलदार बंदोबस्तावर, मग रजेवर, मग कागद आवक-जावकला अडकलेला. तारीख पडते, पुढची पडते. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आवारात मी व्हरांड्यात उभी राहायचे आणि माझ्यासारखीच माणसं दिसायची. कुणाची रिक्षा, कुणाचा छोटा हत्ती. सगळ्यांचा एकच प्रश्न, 'से आला का?' रिक्षावाल्याचं तर रोजचं पोट त्या कागदावर अडकलेलं.

मध्ये एकदा गाडीचे फोटो काढायला ठाण्याच्या मागच्या आवारात गेले. ती जागा डोळ्यांसमोरून जात नाही. कुंपणाला लागून वाहनांची दाटी, एकात एक घुसलेली हँडलं. पुढच्या काचांवर पांढऱ्या ऑइलपेंटने गु.र.नं., म्हणजे गुन्ह्याचा रजिस्टर नंबर, आणि वर्ष घातलेलं. काही वर्षं इतकी जुनी की तेव्हा ओंकार शाळेत होता. एका रिक्षाच्या टपातून वेल वर आलेली, टायर मातीत बसलेले, सीटचा फोम उंदरांनी बाहेर काढलेला. आमच्या गाडीवर चिंचेचा पाला आणि पक्ष्यांची घाण. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार वयस्क होते, आदबीने बोलत होते. "ताई, शेड नाही, जागा नाही. मी एकटा यांना ऊनपावसापासून वाचवू कसा?" त्यांचं खोटं नव्हतं. त्या माणसाकडे एक रजिस्टर आणि चाव्यांचा एक डबा होता, आणि तेवढ्यावर त्याने सगळ्या आवाराची राखण करायची होती.

सुप्रीम कोर्टाने हे २००२ मध्येच सांगून ठेवलंय. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात म्हटलंय की जप्त वाहनं ठाण्यात दीर्घकाळ ठेवून काही उपयोग नाही, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन मॅजिस्ट्रेटने लगेच आदेश द्यावा. आता नव्या संहितेच्या ४९७ मध्ये ते आणखी पुढे नेलंय. जप्त मालाचं विवरण कोर्टाने १४ दिवसांत तयार करायचं, फोटो, गरज असेल तर व्हिडिओ काढायचे, तेच खटल्यात पुरावा म्हणून चालतात, आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचं काय करायचं याचा आदेश. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना वेल रिक्षातून वर येतात कशा, हा प्रश्न मी वकील मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "अर्जच करत नाहीत हो लोक. जुनी गाडी असली की वकिलाची फी गाडीपेक्षा जास्त होते. देतात सोडून."

हे ऐकलं आणि मला त्या तिसऱ्या मुलाची मोटरसायकल आठवली.

एकाच रात्री, एकाच रस्त्यावर, एकाच गुन्ह्यात तीन वाहनं सापडली. दुसरी चारचाकी ज्यांची, त्यांच्या घरी आणखी गाड्या आहेत, वकील नेहमीचे आहेत. त्यांची गाडी सगळ्यात आधी सुटली. त्या मुलाला एक दिवसही बसने जावं लागलं नाही. आमची सुटायला बराच वेळ लागला, पण सुटली. तिसऱ्या मुलाचे वडील अंबडला कंत्राटी कामगार आहेत. मोटरसायकल सेकंडहँड घेतलेली, पैसे रोख दिलेले, आरसी मात्र अजून पहिल्या मालकाच्या नावावर. कोर्ट गाडी देतं ती नोंदणीकृत मालकाला. पहिला मालक नाशिक सोडून गेलेला. वडील सेकंड शिफ्ट करून रात्री सिडकोपर्यंत चालत येतात, कारण तेव्हा बस मिळत नाही. शर्यत तर त्यांनी लावली नव्हती. तिन्ही मुलांची चूक सारखीच होती, क्लिपमध्ये ती तिघंही दिसतात. पण शिक्षा झाली ती ज्याच्या त्याच्या ऐपतीच्या उलट्या प्रमाणात. हा अन्याय आहे, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही म्हणून तो कमी होत नाही.

माझी अट इथून आली. गाडी उचला, त्याच रात्री उचला, पण किती दिवसांसाठी ते कायद्यात लिहा. सगळ्यांना सारखं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००७ पासून रस्त्यावरच्या शर्यतीला गाडी जागेवरच जप्त होते. आधी ७ दिवस होते, आता १४ दिवस गाडी आणि ३० दिवस लायसन्स. न्यूझीलंडमध्ये २८ दिवस. उचलून नेण्याचा आणि ठेवण्याचा खर्च भरायचा, मुदत संपली की गाडी न्यायची. ज्याची गाडी दुसऱ्याने नेऊन शर्यतीत घातली, त्या मालकाला दाद मागायचीही सोय न्यूझीलंडमध्ये आहे. न्यूझीलंडने २००९ मध्ये तर पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याची गाडी कोर्टाच्या हुकमाने चिरडून टाकायचाही कायदा केला. इतक्या टोकाला जावं असं मला वाटत नाही. चालती गाडी मोडून कुणाचं भलं होणार? पण २८ दिवसांची ठरलेली जप्ती आपल्याकडे असती, तर मी एक शब्द न बोलता ते २८ दिवस काढले असते. कोर्टाचे खेटे नाहीत, से नाही, आणि गरिबाच्या मोटरसायकलला श्रीमंताच्या गाडीइतकेच दिवस.

आमच्या मजल्यावरचे निवृत्त सर रोज पहाटे फिरायला जातात. ते म्हणाले, "तुझी गाडी सुटू नये असं वाटतं म्हटलं तर रागावशील. पण त्या आवाजांनी आमची झोप गेलीय." मी रागावले नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघाली आहेत, रस्ते रुंद आणि गुळगुळीत होणार आहेत. मोकळा, सरळ रस्ता दिसला की काय होतं हे गंगापूर रोडला राहणाऱ्यांना सांगायला नको.

ओंकारचं एक म्हणणं मी इथे लिहिते, कारण त्यात तथ्य आहे. तो म्हणतो, आम्हाला वेग आवडतो तर जायचं कुठे? चेन्नईजवळ ट्रॅक आहे, कोइम्बतूरला आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. महाराष्ट्रातल्या मुलाने काय करायचं? रॅली, मोटोक्रॉस नाशिकला नवीन नाहीत, आमच्या लहानपणापासून इथे स्पर्धा होत आल्या. मैदान बांधून, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी करून शर्यत लावा, मी स्वतः बघायला येईन. पण ट्रॅक नाही याची किंमत दुधाच्या कॅन घेऊन येणाऱ्याने का मोजावी, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तसं मी त्याला विचारलं तेव्हा तो उठून गॅलरीत गेला.

शेवटी आमचा से आला. त्यात छापील वाक्य होतं, 'वाहन सोडल्यास पुन्हा असाच गुन्हा घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मॅजिस्ट्रेट मॅडमनी मला पुढे बोलावून विचारलं, "गाडी आता कोण चालवणार?" मी म्हटलं, "मी. मुलाचं लायसन्स आरटीओकडे गेलंय, आणि ते परत आलं तरी रात्री चावी माझ्याकडे राहील." बंधपत्रावर गाडी मिळाली. विकायची नाही, कुणाच्या नावावर करायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायची. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात गेलो. हवालदारांनी चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली, रजिस्टरवर माझी सही, दोन फोटो. बॅटरी उतरलेली, पुढचा एक टायर बसलेला, बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडलेली. गॅरेजवाल्याला सोबत नेलं होतं म्हणून निभावलं. तुमच्यावर वेळ आली तर मेकॅनिक आणि जंप केबल बरोबर न्या, आणि गाडी दरवाजाबाहेर काढायच्या आधी पंचनाम्याशी ताडून बघा. डिकीतला मसाला होता तसाच होता, पण उन्हात राहून वास बदललेला. तो मी फेकून दिला.

मधल्या काळात ओंकारने माझा माल सिटीलिंकच्या बसने पोचवला. दोन्ही हातांत पिशव्या, सातपूरच्या स्टॉपवर उतरून दुकानोदुकानी. कुणी विचारलं तर खरं कारण सांगायचा. मी त्याला तसं सांगायला सांगितलं नव्हतं.

गृह विभागाला आणि आमच्या आमदारांना मी पत्र लिहिलंय. त्यात एवढंच मागितलंय की कलम १८९ खाली जप्तीची ठरावीक मुदत घाला, ती संपली की मालकाला ठाण्यातूनच गाडी द्या, आणि जिथे ती ठेवाल तिथे निदान पत्र्याची शेड असू द्या. सोसायटीतल्या अनेकांनी सही केली, त्या सरांनीही केली.

तिसऱ्या मुलाच्या मोटरसायकलचा पहिला मालक मनमाडला सापडला आहे. कोर्टात ना-हरकत प्रतिज्ञापत्र द्यायला तो तयार आहे, फक्त एका दिवसाचा खाडा भरून द्या म्हणतो. तो आम्ही देऊ. आमच्या वकील मॅडम त्यांचा अर्ज फीशिवाय करणार आहेत, आणि कागद जमले की तो दाखल होईल.